वाचकांचे प्रश्न : हात फिरलेली उंची छोटी गाडी

या सदराकडे अलीकडे एकाच विषयावरची इतकी पत्रे आली आहेत की या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. आकाराने छोटी पण बनावटीने उंची गाडी, म्हणजे मिनी, आउडी ए-वन, मर्सिडीजची ए-क्लास अशांपैकी एखादी, आठ-दहा वर्षांची झाली की साध्या नव्या गाडीच्या किमतीत मिळू लागते आणि अनेकांना ती घ्यावीशी वाटते. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त करून छापली आहेत.

प्रश्न : २००९च्या बनावटीची मिनी कूपर एस पाहून आलो आहे. टर्बोचे १.६ लिटरचे इंजिन आहे, गिअर हाताने बदलायचे आहेत आणि गाडी ९० हजार किलोमीटर चालली आहे. रंग, आसने आणि आतली सजावट उत्तम स्थितीत आहे. विक्रेता मागतो त्या रकमेत साधी नवी छोटी गाडी येऊ शकते, म्हणून घरच्यांचा विरोध आहे; माझे मन मात्र हिच्यावरच बसले आहे. घ्यावी का, आणि घ्यायची तर काय तपासावे?

उत्तर : मन बसणे हा दोष नाही. अशा गाडीची निगा तिच्यावर जीव असल्याशिवाय कोणी राखत नाही. फक्त एक हिशेब आधी मांडून पाहा. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ही गाडी नवी असताना तिचा वॉटर पंप, तिचे सस्पेन्शनचे बुश आणि तिचे ब्रेक ज्या दर्जाचे आणि ज्या किमतीचे होते त्याच दर्जाचे ते आजही घ्यावे लागतात, आणि पहिल्या मालकाच्या काळात हे भाग सहसा झिजत नसल्यामुळे ते बदलण्याची पाळी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकावर येते. म्हणून गाडीसाठी जी रक्कम ठेवली असेल तिच्यातला निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत ही गाडी बसते का ते पाहा. बसत नसेल तर तिचा विचार सोडावा, असेच मी सांगेन.

आता या विशिष्ट गाडीविषयी. बीएमडब्ल्यूच्या मालकीखालील मिनीची दुसरी पिढी २००६च्या अखेरीस बाजारात आली आणि तिची पेट्रोल इंजिने बीएमडब्ल्यू आणि पूजो-सिट्रोएन यांनी मिळून विकसित केली होती. आपण पाहिलेल्या गाडीत त्यांपैकी एन १४ हे इंजिन आहे. चालवायला ते फार गोड आहे. पण त्याच्या तीन खोडी ही गाडी हाताळणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला पाठ असतात. टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवणाऱ्या साखळीचा, टेन्शनर ढिला पडतो, इंधनाचा उच्च दाबाचा पंप दगा देतो आणि हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर काजळी साठते.

यांतली काजळी ही सर्वांत कमी धोक्याची गोष्ट आहे, पण तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टर्बो नसलेल्या साध्या कूपरमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडे फवारले जाते आणि जाता जाता व्हॉल्व्ह धुऊन काढते. कूपर एसमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, व्हॉल्व्हला त्याचा थेंबही लागत नाही, आणि इंजिनाच्या खालच्या भागातून, म्हणजे क्रँककेसमधून, हवेबरोबर परत येणारी तेलाची वाफ त्यावर बसून भाजत राहते. हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा संच, म्हणजे मॅनिफोल्ड, काढलेले असे एक इंजिन मी जवळून पाहिले आहे. टॉर्चच्या उजेडात आत पाहिले तर व्हॉल्व्हच्या दांड्यावर डांबराच्या गोळ्यासारखा थर चढलेला होता आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तो खरवडला तेव्हा त्याचे खडे निघाले. असे झाले की थंड इंजिन मिसिंग करते आणि पिकअप हळूहळू मरतो. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून हा थर उडवतात, कारण त्याने काजळी सुटते आणि धातूला चरा पडत नाही. हे काम पूर्वी कधी झाले आहे का, एवढे विक्रेत्याला अवश्य विचारा.

चेनची गोष्ट मात्र गंभीर आहे, आणि तिची परीक्षा फक्त रात्रभर बंद असलेल्या इंजिनावरच होते. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर काम करतो. गाडी तासन्‌तास उभी राहिली की तेल खाली उतरते, आणि टेन्शनर थकलेला असेल तर सुरू केल्यानंतरचे काही क्षण चेन मोकळी हेलकावत राहते. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी खडखड त्या वेळी ऐकू येते. इंजिन तापले की ती बरेचदा नाहीशी होते. म्हणून विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर सर्वांत आधी बोनेटवर तळहात ठेवा. काही वर्षांपूर्वी मी एक गाडी घेताना तळहात ठेवला तेव्हा पत्रा कोमट लागला होता. विक्रेता म्हणाला, ‘आत्ताच धुवायला बाहेर काढली होती,’ आणि मी ते मानले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या दारात ती सुरू केली तेव्हा झालेला आवाज मी अजून विसरलेलो नाही. महिन्याच्या आत चेन, टेन्शनर आणि चेनला आधार देणाऱ्या पट्ट्या असे सगळे बदलावे लागले. वेळीच कळले म्हणून एवढ्यावर निभावले. चेनने दात चुकवला असता तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच गेले असते. बोनेट कोमट लागले तर त्या दिवशी नम्रपणे परत फिरा आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून पाहा. या इंजिनात सुमारे सव्वाचार लिटर तेल मावते आणि वय झालेले इंजिन त्यातले थोडे खातेच, त्यामुळे दर हजार किलोमीटरला पातळी पाहणे ही मालकाची सवयच असावी लागते. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर त्या मालकाने ही गाडी कशी वापरली हे वेगळे विचारावे लागत नाही, आणि तेल कमी असताना चेनच्या टेन्शनरला पुरेसा दाब मिळत नाही हेही लक्षात घ्या.

यानंतर गाडी निदान अर्धा तास चालवा, परत आल्यावर बोनेट उघडून वाकून वास घ्या आणि थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या घराभोवती वाळलेल्या कूलंटचा साका दिसतो का ते पाहा. कूलंटचा वास गोडसर असतो आणि एकदा ओळखला की विसरत नाही. शेवटी गाडीच्या संगणकातल्या दोषांच्या नोंदी वाचणारा ओबीडी स्कॅनर लावायला लावा. केवळ ‘एकही दोष नोंदलेला नाही’ एवढ्याने समाधान मानू नका, कारण नोंदी कालच पुसल्या असण्याची शक्यता असते. गाडीचा संगणक स्वतःच घेत असलेल्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत की अपूर्ण आहेत हेही स्कॅनर दाखवतो. नोंदी पुसल्या की त्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि पूर्ण व्हायला बरेच चालवणे लागते. बहुतेक चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कोणीतरी नुकतेच काहीतरी लपवले आहे असे समजून चालावे. त्याला बॅटरी नुकतीच काढली होती हे कारण सांगितले तर पुरावा मागावा.

चेनचे काम झाल्याचे बिल असेल, थंड इंजिन शांतपणे सुरू होत असेल आणि तेल जागेवर असेल, तर गाडी जरूर घ्या. यांतले काहीच नसेल तर २०१० नंतरची एन १८ इंजिनाची गाडी शोधणे बरे. त्या इंजिनात बऱ्याच गोष्टी सुधारल्या आहेत, काजळीचा प्रश्न तेवढा उरतो. २०१४ साली आलेल्या तिसऱ्या पिढीत बीएमडब्ल्यूची स्वतःची १.५ लिटरची तीन सिलिंडरची आणि २ लिटरची चार सिलिंडरची इंजिने आहेत आणि ती अधिक भरवशाची आहेत. मात्र त्यांची चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते, त्यामुळे चेनचे काम निघालेच तर खोलखोल मोठी होते.

प्रश्न : एकाच वर्षाच्या दोन गाड्या समोर आहेत. एक ४० हजार किलोमीटर चाललेली, पण तिचे सर्व्हिस बुक हरवले आहे असे सांगतात. दुसरी १ लाख १० हजार चाललेली, पण तिची सगळी बिले फाइलमध्ये लावलेली आहेत. किंमत जवळपास सारखीच आहे. कोणती घ्यावी?

उत्तर : दुसरी, आणि यात मला फारसा संदेह वाटत नाही. मीटरवरचा आकडा मागे फिरवता येतो. वेगवेगळ्या तारखांची, वेगवेगळे किलोमीटर नोंदलेली, तेलाने डागाळलेली बिले मागाहून तयार करणे त्यापेक्षा पुष्कळ अवघड असते. शिवाय ४० हजार हा आकडा खरा असला, तरी दहा वर्षांत एवढेच चालणे म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्या, पूर्ण न तापलेले इंजिन आणि महिनोन्‌महिने उभी गाडी, आणि यांतली एकही गोष्ट टर्बो इंजिनाला मानवत नाही. रबराचे होस आणि बुश किलोमीटरपेक्षा वर्षांनी अधिक म्हातारे होतात.

पहिलीचा मोह सुटतच नसेल तर आकडा खरा आहे का हे तिच्या अंगावरच वाचता येते. ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, स्टिअरिंगचे कातडे अंगठा टेकतो त्या जागी चकाकत असेल, चालकाच्या आसनाची बाहेरची कड बसली असेल, तर ती गाडी ४० हजार चाललेली नाही. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतरच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे पाहा. ‘३२१९’ असे असेल तर तो टायर २०१९च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. ४० हजार किलोमीटरच्या गाडीला टायरचा तिसरा संच कसा, असा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मिळाले तर सगळ्या पत्र्यांवर फिरवून घ्या. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्याच दारावर ४०० दिसले तर त्याखाली डेंटिंग आणि भरलेली पुट्टी आहे.

प्रश्न : माझी आउडी ए-वन ऑटोमॅटिक आहे. गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ती झटके देते आणि चढावर सुटताना किंचित थरथरते. मेकॅनिक म्हणतो की हिचे हे असेच असते. खरोखर असेच असते का?

उत्तर : थोडेसे असते, पण आपण वर्णन करता तेवढे नसते. बाहेरून ऑटोमॅटिक दिसणारा हा गिअरबॉक्स आतून दोन क्लचचा साधा गिअरबॉक्स आहे. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम, आणि पाय दाबण्याचे काम मेकॅट्रॉनिक नावाचा संगणक व तेलदाबाचा एकत्र संच करतो. सात गतींच्या प्रकारात हे क्लच कोरडे असतात, म्हणजे हाताने गिअर टाकायच्या गाडीतल्या क्लचसारखेच झिजतात. इंच-इंच पुढे सरकणाऱ्या रांगेत ब्रेक अर्धवट दाबून गाडी रेंगाळत ठेवली की क्लच सतत घासत राहतो. याच जातीच्या गिअरबॉक्ससाठी फोक्सवॅगनने २०१३ साली जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या आणि त्यांच्यातले सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरून दिले होते, कारण उष्ण व दमट हवेत, सावकाश वाहतुकीत पहिल्या तेलामुळे विजेच्या पुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता.

आधी स्कॅनरवर क्लचची उरलेली जाडी आणि जुळणीचे, म्हणजे क्लच नेमका कुठे पकडतो हे संगणकाने नोंदलेले, आकडे पाहायला सांगा. क्लच शिल्लक असेल तर नव्याने जुळणी करून घेतल्यावर झटके पुष्कळदा कमी होतात, आणि ते काम तुलनेने किरकोळ आहे. ते न करता कोणी थेट मेकॅट्रॉनिक संच बदलायला सांगितला तर दुसरे मत घ्या. रोजच्या चालवण्यात पुढच्या गाडीला दोन गाड्यांएवढे पुढे जाऊ द्या आणि मग एका दमात सुटा. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबून ठेवा.

प्रश्न : कंपनीच्या पुस्तिकेत ऑइल ३० हजार किलोमीटर किंवा दोन वर्षांनी बदला असे लिहिले आहे. माझा मेकॅनिक १० हजारांचा आग्रह धरतो. तो बिल वाढवत आहे का?

उत्तर : नाही, तो आपले इंजिन वाचवत आहे. ३० हजारांचा आकडा नव्या, लांब पल्ल्यावर चालणाऱ्या गाडीच्या पहिल्या मालकाला खर्च कमी दिसावा या बेताने ठरलेला असतो. जुन्या टर्बो इंजिनात १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते धरावे. डब्यावर ५डब्ल्यू-३० एवढेच पाहू नका; त्याच जाडीच्या दोन तेलांत फरक असतो. २०१३पर्यंतच्या मिनीला बीएमडब्ल्यूचे लाँगलाइफ-०१ किंवा लाँगलाइफ-०४, आउडीच्या बहुतेक इंजिनांना फोक्सवॅगनचे ५०४.०० आणि मर्सिडीजला २२९.५ किंवा २२९.५१ हे मानक डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा कागदावर लिहून दुकानात न्या.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, मग गाडी चालो वा न चालो. ते हवेतला ओलावा शोषते आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जाते.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी घेतलेल्या गाडीत दर पंधरवड्याला कूलंट कमी होते. खाली जमिनीवर एकही थेंब दिसत नाही आणि तापमानाचा काटा मध्यावरच असतो. मेकॅनिकने साधे पाणी घालून चालवायला सांगितले आहे. चालवू का?

उत्तर : कृपया आजपासून थांबवा. काट्यावर विसंबू नका, कारण आजच्या गाड्यांतला काटा बराच मोठा टप्पा मध्यावरच स्थिर दाखवतो आणि हलतो तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. कूलंट जमिनीवर पडत नसेल तर गरम इंजिनावर गळून तिथेच वाळते आहे किंवा सिलिंडरच्या वरच्या झाकणाखालच्या सीलमधून, म्हणजे हेड गास्केटमधून, सिलिंडरमध्ये जाऊन जळते आहे. थंड इंजिनात हातपंपाने दाब देऊन तो टिकतो का ते पाहण्याची चाचणी पाऊण तासात होते आणि गळती बहुधा तिथेच सापडते. वॉटर पंप, थर्मोस्टॅटचे घर आणि वाढीव कूलंटच्या डब्याची शिवण हे पहिले संशयित. तिथे काही न सापडल्यास कूलंटमध्ये जळालेला वायू मिसळतो आहे का याची रसायनाची चाचणी करून घ्यावी. साध्या पाण्याने गंज चढतो आणि ॲल्युमिनियमचे हेड आतून खाल्ले जाते, म्हणून तात्पुरतेही डिस्टिल्ड पाणीच वापरा. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका.

प्रश्न : घर ते कार्यालय ६ किलोमीटर. अॅव्हरेज चांगले म्हणून डिझेलची ए-क्लास घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. डिझेल गाडीत असलेल्या धुराच्या गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकायला सुमारे ६०० अंश तापमान आणि पंधरा-वीस मिनिटांचे सलग, वेगातले चालवणे लागते, आणि ६ किलोमीटरमध्ये ते कधीच मिळत नाही. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. आपल्या वापराला पेट्रोलची गाडीच योग्य आहे.

प्रश्न : माझ्या मिनीला स्टेपनीच नाही, कारण टायर रन-फ्लॅट आहेत. ते फार कडक वाटतात. साधे टायर बसवले तर चालतील का?

उत्तर : चालतील, आणि गाडीचा धक्का सहन करण्याचा गुण लगेच सुधारेल, कारण रन-फ्लॅटच्या भिंती हवेशिवाय वजन पेलता यावे म्हणून मुद्दाम जाड केलेल्या असतात. बदल्यात आपण काय सोडत आहात हे ओळखून घ्या. पंक्चर झाल्यावरही सुमारे ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालत राहण्याची सोय जाईल, म्हणून हवेचा छोटा पंप आणि पंक्चर भरण्याचे द्रव्य कायम डिकीत ठेवावे लागेल. चारही टायर एकाच प्रकारचे असावेत; दोन रन-फ्लॅट आणि दोन साधे अशी सरमिसळ वळणावर गाडी बेभरवशाची करते.

प्रश्न : वॉरंटी संपल्यावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावे की बाहेरच्या मेकॅनिककडे?

उत्तर : बाहेरच्या, पण याच जातीच्या गाड्या रोज उघडणाऱ्या मेकॅनिककडे जावे. त्याला पारखण्याची माझी रीत अशी की त्याच्याकडे आधी एखादे छोटे काम घेऊन जावे, उदाहरणार्थ बॅटरी बदलणे. इंजिन थांबवून आपोआप सुरू करणाऱ्या गाडीला एजीएम किंवा ईएफबी जातीचीच बॅटरी लागते, आणि अशा बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनरने गाडीच्या संगणकाला तशी नोंद द्यावी लागते, नाहीतर तो जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने तिला चार्ज करत राहतो आणि नवी बॅटरी लवकर संपते. जो न विचारता स्कॅनर काढतो आणि जुना भाग आपल्या हातात ठेवून तो का गेला हे दाखवतो, त्याच्याकडे इंजिन सोपवायला हरकत नाही. कंपनीकडे वर्षातून एकदा तरी गाडीच्या सतरा अक्षरी चासी नंबरवरून चौकशी करावी. परत बोलावलेल्या गाड्यांच्या यादीत तो नंबर असेल, विशेषतः एअरबॅगच्या, तर ते काम मालक कितवाही असला तरी सहसा मोफत होते, आणि हात फिरलेल्या गाडीच्या नव्या मालकाचा पत्ता कंपनीकडे नसल्यामुळे त्याचे पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या घरी गेलेले असते.